दोन बोटं हवा

बाबांनी टाकी काठोकाठ कधीच भरली नाही.
"वर दोन बोटं हवा सोड," म्हणायचे,
"राहतात पाण्यात, पण श्वास आपल्यासारखा घेतात."
झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी,
नळीच्या भोकातही स्पंजाचा बोळा.
करंगळीएवढी फट मिळाली तरी मरळ निसटतो,
आणि ही तर मरळाची बुटकी जात:
वीतभर अंग, परांना निळी किनार,
तोंड सापाचं.

एकतीस वर्षं ते ऑस्ट्राव्यात कोळशाखाली उतरले.
गावातल्या खाणी एकेक करून बंद झाल्या.
त्यांच्या छातीतली तेवढी चालू आहे.

फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यात गांडुळं असतात.
आई होती तेव्हा झाकणावर लाल शाईनं लिहायची,
"बोहुमीरचं लोणी".
ती गेल्यावर एकदा
मी पाव कापून घेतला, मग डबा उघडला.

नोव्हेंबर लागला की टाकी काचबंद बाल्कनीत.
पाणी चौदा अंशांवर येतं, मासे खाणं टाकतात,
बीचच्या वाळक्या पानांखाली पडून राहतात.
मी म्हणते, गारठून मरतील.
"डोंगरातल्या ओढ्यातले आहेत. हिवाळा लागतो त्यांना.
बारमाही उबेत ठेवलं तर लवकर संपतात."
हे सांगताना स्वतःची पाठ रेडिएटरला.

खालच्या दुकानातली न्हुंग कांदे द्यायला वर आली,
टाकीपुढे वाकली आणि खळखळून हसली.
तिच्या गावी भाताच्या खाचरात
आजी टोपलीनं धरायची हेच मासे.
जळक्या साखरेत, मातीच्या मडक्यात, मंद आचेवर.
"किती वेळ?" बाबांनी विचारलं.
"रात्रभर."
बाबांनी झाकणावर एक जाडा शब्दकोश ठेवला.

पण ती येत राहिली.
एप्रिलमध्ये नराचा जबडा फुगला, खाणं सुटलं.
मी म्हटलं, आजारी आहे.
न्हुंग म्हणाली, तोंडात अंडी आहेत.
आमच्यात म्हणतात, हा मासा पोरांपायी बुडतो.
बाबा काहीतरी बोलायला गेले,
अर्ध्या वाक्यात दम संपला,
उरलेलं त्यांनी हातानं सांगितलं.

त्याच आठवड्यात काच पुसून
मी एका कोपऱ्याची पट्टी लावायला विसरले.
सकाळी लिनोलियमवर मोज्यासारखं काहीतरी,
धुळीनं, केसांनी माखलेलं.
ती मादी होती.
बुटांच्या नाड्या माझ्याकडून बांधून घेणारे बाबा
गुडघ्यांवर बसले,
सदऱ्याची बाही पाण्यात बुडवली,
तिला त्यात गुंडाळलं, आणि थांबले.
दोघांच्याही छात्या मी बघत होते.
आधी तिनं तोंड उघडलं.

न्हुंग दुपारी आली. "किती वेळ होती बाहेर?"
"रात्रभर," बाबा म्हणाले,
जणू मडक्याचाच हिशेब मिटवला.

आता संध्याकाळी तिघं टाकीपुढे बसतो.
तोंड अंड्यांनी भरलेलं असताना
तो वर येऊन हवा कशी घेतो
हे आम्हाला नीट बघायचं आहे.
अजून एकदाही दिसलेलं नाही.
पाणी जरासं हलतं, तो खाली गेलेला असतो,
आणि बाबा म्हणतात, घेतला.