दुधाशिवाय, साखरेसकट

अस्मारात पहाटे पाचला, ताडाच्या झाडांखाली
आम्ही चौघं जमतो.
आधी एकमेकांचे टायर दाबून बघतो,
मग नाडी.

लेतेकिदान पस्तीस वर्षं नर्स होती.
तिची दोन बोटं मनगटावर आली की
ओक्बाय श्वास रोखून धरतो.
— सोड की श्वास, फोटो नाही काढत तुझा.
— ठोके किती?
— वयाला पुरेसे. अकलेच्या मानाने जास्तच.

मग उतार.
लाल समुद्राकडून धुकं वर चढत असतं,
आम्ही खाली जात असतो,
मध्येच कुठल्यातरी वळणावर गाठ पडते.
कठड्यावर बसलेली माकडं
आमच्याकडे अशी बघतात
जशी बायका बघतात पहाटे दार लावून घेताना.

गेब्रेहिवेत धुक्यातून ओरडून सांगतो,
परवा नव्या डॉक्टरनं विचारलं म्हणे,
आजोबा, किती पायऱ्या चढता, दम न लागता?
— पायऱ्यांचं माहीत नाही साहेब,
घरी पायऱ्याच नाहीत.
नेफासितहून वर येतो शुक्रवारी.
डॉक्टरनं पेन खाली ठेवलं
आणि विचारलं, मागचं दातेरी चाक किती दात्यांचं?
— अठ्ठावीस.
— माझ्या तोंडातही तेवढेच आहेत, म्हणाला.
— आणि तुझ्या? लेतेकिदान विचारते.
पुढचं वळण येईपर्यंत
गेब्रेहिवेत मोजतच राहतो.

नेफासितला चहा.
शुक्रवार, उपास, म्हणून दूध नाही.
ओक्बायचा चमचा चौथ्यांदा साखरेत.
— देवानं साखर वर्ज्य केलेली नाही.
— देवानं तुझा रिपोर्ट बघितलेला नाही.
मी बघितलाय.
तो चमचा परत ठेवतो,
बोट मात्र चाटून घेतो.

माझ्या मुलानं स्टॉकहोमहून ट्यूब पाठवली.
कुणाच्यातरी मावशीच्या बॅगेतून,
कपड्यांच्या घडीत दडवून, तीन महिन्यांनी पोचली.
माप चुकलेलं.
— बापाच्या चाकाचं माप विसरला होय?
— बुटाचंही विसरलाय, मी म्हटलं, आणि हसलो.
मी शिंपी. कात्री खिशात असतेच.
ट्यूब तिथंच टेबलावर कापली,
पंक्चरच्या पट्ट्या चौघांत वाटल्या.
आता आमची चारही सायकली
एका पोराच्या विसरभोळेपणावर चालतात.

मग चढ. पंचवीस किलोमीटर.
इथं गप्पा थांबत नाहीत,
शब्द लहान होतात.
— मांडी?
— हं.
— पाणी?
— अर्धं.
— सून?
— आली परत.
— बरं झालं.
आणि मग बराच वेळ
फक्त साखळी बोलते.

शहरात शिरल्यावर वोल्देआबची गल्ली.
त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, मोतीबिंदू काढलाय,
दहा दिवस सायकल बंद.
गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असतो
आणि कानांनी तपासणी घेतो.
— ओक्बाय, साखळीला तेल दे.
— शिंपीबुवा, तुमचा मागचा ब्रेक घासतोय.
— बाई, तुमचं काही ऐकू येत नाही,
म्हणजे सगळं ठीक आहे.
— गेब्रेहिवेत, तू जाड झालायस.
— ते कसं ऐकू आलं रे?
— रस्ता कण्हला.

आज आम्ही एक खोडी काढली.
त्याच्याच नातवाला, सेनायला,
त्याच्याच जुन्या इटालियन सायकलवर बसवलं,
आणि सांगितलं, गॅलरीखाली आलास की
पायडल मारायचं थांब. नुसती जाऊ दे.

टिक टिक टिक टिक,
मोकळं चाक गल्लीतून गेलं.

वोल्देआब उठून उभा राहिला.
कठडा चाचपला.
आम्ही चौघं भिंतीला चिकटून, तोंडावर हात धरून,
वय वर्षं दोनशे अठ्ठ्याहत्तर, एकत्रित.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
लेतेकिदानचा हात तोंडावरून खाली आला,
मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग वरून आवाज आला:
— सीट दोन बोटं वर घ्या.
पोराचे गुडघे दुखतील.