शब्दाला सहा शिलिंग

किसुमूच्या बाजारात आई ओमेना विकते,
डब्याच्या मापानं, शिगोशीग,
वर आणखी एक मूठ.
मी शब्द विकते.
"भाव काय?" तिनं विचारलं.
सहा शिलिंग.
छापून आल्यावर साठ दिवसांनी.
"साठ दिवसांत मासळीचं खत होतं," ती म्हणाली.

या महिन्यात सतरा संपादकांना लिहिलं.
चौदा गप्प.
एक म्हणाला, पैसे नाहीत, पण नाव छापू.
नाव आहेच की माझ्याकडे, अवुओर,
मध्यरात्र उलटल्यावर जन्मले म्हणून
फुकटात मिळालेलं.
एकीला सरोवर हवं होतं, पण आशादायक.
आणि नैरोबीचं एक मासिक:
जलपर्णीत अडकलेल्या होड्या, नऊशे शब्द,
परवापर्यंत.

नावाडी ओगुतूनं डिझेलचे पैसे आधीच घेतले.
त्याच्या हिशेबात
छापून येणं ही गोष्टच नव्हती.
हिरव्या चिखलात इंजिन बंद पडलं
तेव्हा तो हसला:
"हेही लिही, सहा शिलिंग वाढतील."
लिहिलं.

छापून आले सहाशे दहा.
हसणं गेलं. इंजिन गेलं.
आईचं ते खताचं वाक्य,
जे मी होड्यांच्या लेखात
कसंबसं बसवलं होतं, तेही.

त्र्याहत्तराव्या दिवशी फोन किणकिणला:
तीन हजार सहाशे साठ.
आई डबा भरत होती.
"आणि कापलेले? त्यांचं काय होतं?"
काही नाही, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरची मूठ पडली.
तिनं ती मोजली नव्हती.
गिऱ्हाईक मात्र
तिच्यावरच डोळा ठेवून होतं.