गुंजेचा सव्वाशेवा भाग

जवमणी हातातून सांडला, त्या दिवशी कळलं.
म्हणजे, चिमटीत होता तेव्हाही कळला नव्हता.
चाळीस वर्षं बोटांनी ओळखलेला दाणा,
आत लाख, वर कागदाहून पातळ सोनं,
आणि बोटांना वाटलं, आपण हवाच धरलीय.

तपन म्हणाला, काका, चष्मा बदला.
गुजरीत सगळं चष्म्यावरच ढकलतात.
पाय घसटत होते ते मी चपलेवर ढकललं,
दम लागायचा तो जिन्यावर,
नावं विसरायचो ते कुणावर ढकललं, आठवत नाही.

सीपीआरमध्ये मुजावर डॉक्टरीणबाईंनी नादकाटा काढला.
दोन दाती, आमच्या चिमट्याचा मावसभाऊ.
टण्णकन वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला.
"थरथर कळते?"
ऐकू येते की, मी म्हटलं.
"ऐकू नका. कळते का ते सांगा."
खरं सांगायचं तर तो
शेजारच्या घरात वाजत होता.

मग जीभ. आरशात मीही पाहिली:
लाल, गुळगुळीत, पॉलिश मारून आणल्यासारखी.
इतकं सफाईदार काम
माझ्या तोंडात कोण करून गेलं?

"खाता काय?"
हे सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
कोरा चहा. खारी. कुकरचा पांढराशुभ्र भात, लोणचं.
शालन गेली त्या आठवड्यात मटण सोडलं,
मग अंडं, मग दूधही,
एकट्याला अर्धा लिटर नासायचंच.
सोडणाऱ्याला लोक मान देतात.
मलाही वाटायचं, आपण काहीतरी पाळतोय.

कागदावर लिहिलं होतं, बी बारा, आणि पुढं एवढासा आकडा.
मला आधी पेरायचंच बी आठवलं.
एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ, बारा.
मधले कुठं गेले?
साजाची पानं मोजायची सवय, एकवीस म्हणजे एकवीस.
बाई हसल्या. "ती जीवनसत्त्वं नव्हेतच, असं मागाहून ठरलं.
नंबर तेवढे रिकामे राहिले."
घरात एक पाट आहे तसा. बोललो नाही.

पहिलं तांदळाच्या कोंड्यात, म्हणजे गिरणीतच गेलं.
नववं मोडाच्या मटकीत, पालेभाजीत.
बारावं मात्र झाडापाल्यात नाही,
ते जंतू घडवतात, जनावराच्या पोटात,
आणि आपल्याला मिळतं दुधातून, अंड्यातून, कलेजीतून.
रविवारी रस्सा उकळायच्या आधी
शालन कलेजीचा पहिला तुकडा माझ्या ताटलीत टाकायची.
वशिला आहे बाबा आपला, मी म्हणायचो.
तो वशिला पार रक्तापर्यंत पोचलेला,
हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"आणि गंमत सांगू काका? त्याच्या मधोमध धातू असतो.
कोबाल्ट. एकच कण, भोवती कडं."
मी खुर्चीत सरळ बसलो.
कोंदण, मी म्हटलं. बसवतं कोण?
"सांगितलं की. जंतू."
एवढ्या बारीक हाताचा कारागीर गुजरीत नाही.

डोस मी माझ्या मापात उतरवून घेतला:
एका गुंजेचे सव्वाशे भाग करा, त्यातला एक.
एवढी घट आम्ही हिशेबातसुद्धा धरत नाही.
एवढ्या घटीनं माणूस
भिंत धरून चालायला लागतो.

इंजेक्शन लाल निघालं. गुंजेसारखंच.
दुखलं. दुखलं, मी तपनला दोनदा सांगितलं.

आता संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर थांबतो.
म्हैस समोर, धार समोर, ग्लासावर फेसाची टोपी.
संताजी गवळी रोज विचारतो, एकच?
एकच.
पहिले चार दिवस घोट उतरत नव्हता,
चोरून पितोय असं वाटायचं, कुणापासून ते माहीत होतं.

काल बाईंनी नादकाटा पुन्हा टेकवला.
अंगठा मुकाच.
बोटं जरा बरी आहेत, जवमणी नव्हे पण बोरमणी कळतो.
मग घोट्यापाशी...
थांबा, मी म्हटलं, काढू नका.
फार लांब, आतल्या गल्लीत,
कुणीतरी बारीक हातोडीनं
कामाला बसलंय.