बारा दिवस

नळपाण्याच्या वहीत मी तारीख लिहितो,
व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद,
आणि विहिरीचं पाणी कितव्या चिऱ्याला.
वरून मोजायचं. एकोणीस चिरे. मला पाठ आहेत.
सातव्याला शेवाळ,
अकराव्यावर कुणीतरी कोरलेलं शां. गो.,
एकोणिसाव्याखाली कातळ,
तो दरसाल दिसतो
आणि दिसला की मी वही मिटतो.

आमच्याकडे पाऊस कमी, असं कुणी म्हणणार नाही.
चार महिने पऱ्या धोंडे लोळवत जातो
खाडीकडे, खाडी समुद्राकडे,
आणि दिवाळी सरली की बोटभर उरतो,
निघालेल्या पाहुण्यासारखा, दारात चपला शोधत.
गेल्या साली टँकर एकवीस मार्चला आला,
ऐन शिमग्यात.
चाकरमान्यांनी रांगेचे फोटो काढले.

यंदा विषय काढला हलिमा सोलकरने,
ग्रामसभेत नाही, रेशनच्या दुकानात.
वर सड्यावर बंगला चाललाय, समुद्र दिसणारा,
तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोणी जाळतात,
धूर खाली मोहल्ल्यात.
त्या गोणी मी आणते म्हणाली, तुम्ही माती भरा.
लेकाच्या रिक्षातून चार फेऱ्या.
तीनशे बारा.

रविवारी तीस माणसं धरली होती.
आलो अकरा. टीव्हीवर मॅच होती.
भरायची, तोंड शिवायचं, हातोहात पुढे द्यायची.
साखळीत गंगाराम शिवगण आणि बाळकृष्ण रहाटे शेजारी आले,
बांधावरून सतरा वर्षं कोर्टात असलेले,
मध्ये उभं राहायला कुणी उरलं नव्हतं.
दोनशेवर गोणी याच्या हातून त्याच्या हातात गेल्या.
बोलणं एकच झालं:
"ही फाटकी आहे."
सुतळी संपली तेव्हा नागवेकरांनी घरून जुनं जाळं आणलं,
उसवून दोरा काढून दिला.
यातून सुरमई निसटली, म्हणाले, पाणी थांबतं का बघू.

थांबलं नाही.
सकाळी बांधाखालून झुळझुळ चाललेलं, मजेत.
मुठ्यांची बिळं.
शेवंती गोताड परकर खोचून उतरली,
माती, पातेरा, शेण टाचेने रेटत राहिली,
आणि आम्ही मुठ्यांना शिव्या घालू लागलो तेव्हा म्हणाली,
तो आधीचा रहिवासी, दार ठेवा त्याला,
खिडक्या तेवढ्या बुजवा.

मग पऱ्या फुगला, गुडघाभर,
काठाला कुळीथ धरला, एक धीवर रोज तारेवर.
विहीर जानेवारीतही नवव्या चिऱ्याला होती.
मी दोनदा मोजलं.
त्याच महिन्यात बंगल्याचा पंप पऱ्यात उतरला.
हलिमाने पाइप गुंडाळला, चुंबळीसारखा नीट,
आणि त्यांच्या फाटकासमोर ठेवून आली.
काय बोलली, ते सांगत नाही.

टँकर आलाच. दोन एप्रिलला.
सरपंच म्हणाले, एवढं करून शेवटी टँकरच ना?
मी वही पुढे केली.
गेल्या साली इथे, यंदा इथे.
मध्ये बारा ओळी, प्रत्येकीत
व्हॉल्व्ह उघडला सहा वाजता, बंद सात.
बारा सकाळी शेवंतीच्या गुडघ्याने घाटी चढली नाही.
सरपंचांनी चष्मा पुसला
आणि पुढच्या वर्षी दुसरा बांध कुठे, ते विचारलं.
पैशांचं काही बोलले नाहीत.

मे सरता सरता गोणी काढल्या.
पऱ्या जागा झाला तर सगळ्या घेऊन जाणार,
उन्हाने भुगा झालेल्या, माशांच्या पोटात.
हलिमाने मोजल्या: दोनशे अठ्ठ्याण्णव.
चौदा कमी.
ती खाडीपर्यंत चालत गेली,
तिवरांत अडकलेल्या पाच घेऊन आली, चिखलाने माखलेली,
आणि म्हणाली, नऊ गेल्या रे.

वहीत त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं.