दुपारी दोन ते चार

नवतपाचा तिसरा दिवस, हुडकेश्वर रोड.
शिडीला हात लावला तर चटका बसतो.
लांजेवारबाईंच्या हॉलमधला कॅमेरा
रोज दुपारी बंद पडतो, अशी तक्रार
बंगळुरूहून आली, त्यांच्या मुलाची, तीनदा,
तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून.

आधी सगळं नेहमीचं.
अ‍ॅडॅप्टरला मीटर लावला : बारा पूर्णांक एक. ठीक.
जॅक कापून नव्याने क्रिंप केला.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
पुढच्या चार तुम्ही झोपेत विचारा.
राउटरचा चॅनल बदलला. फर्मवेअर नवं टाकलं.
स्क्रीनवर गोल फिरत राहिलं
आणि आम्ही दोघं त्याच्याकडे
दूध ऊतू जाईल की काय असं बघत बसलो.

नंदनवनात एकदा चोर म्हणून बोलावलं होतं.
रात्री दोन चाळीसला मोबाईल बोंबलायचा.
निघाला कोळी, दिव्यांच्या उबेला काचेवर येऊन बसलेला,
स्क्रीनवर बैलाएवढा.
इतवारीत एका दुकानाचं रेकॉर्डिंग
दोन हजार सालात अडकलेलं,
चोरी कालची, तारीख तेव्हाची.
सेल बदलला. सत्तर रुपये.

इथं काही सापडेना.
"कुलर लावता तेव्हा लाइट डिम होते काय जी?"
"होते ना थोडी," बाई म्हणाल्या
आणि पाणी आणायला आत गेल्या.

मग मी लॉग उघडला.
१४:०४ ऑफलाइन, १६:११ ऑनलाइन.
१४:०२, १५:५७.
१४:०९, १६:२०.
रविवारी नाही. मागच्या रविवारी नाही, त्याच्या मागच्याही.
रविवारी मुलगा व्हिडिओ कॉल करतो.
व्होल्टेजला रविवार कळत नाही.

गडवा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या,
"समजलं वाटते तुम्हाले."
मी काहीच बोललो नाही. त्यांनीच बोर्डाकडे बोट केलं,
तिसरं बटण.
"करत काई नाही जी मी.
परकरावर बसतो कुलरसमोर, पाय पसरून.
केस मोकळे. कधी तोंडातल्या तोंडात बोलतो.
ते कोनाले कायले दिसाले पाह्यजे?
पोरगा चांगला आहे हो. काळजीनंच लावला त्यानं."

एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजात होत्या.
भंडारा, बालाघाट, रायपूर,
ट्रंक कॉल जोडायच्या.
"लाइन लागली का हेडफोन
कानावरून इतकासा सरकवत जाओ मी,"
त्यांनी बोटाचं अर्धं पेर दाखवलं,
"लोकायचं ते लोकायचं."

मी शिडी पुन्हा भिंतीला टेकवली.
ब्रॅकेटचा स्क्रू ढिला केला.
एका हातात मोबाईल, दुसऱ्याने कॅमेरा,
इतकासा, अजून इतकासा.
आधी खुर्ची गेली,
मग कुलरची जाळी, मग पायपुसणं.
उरलं दार, दाराची कडी,
कॅलेंडरचा सोमवार ते बुधवार.
चोर आला तर दारातूनच येईल.
स्क्रू आवळला.

बंगळुरूहून फोन आलाच.
"चालू झाला. पण फ्रेम तिरपी का?"
"सर, छेचाळीस डिग्री आहे इथं. भिंत तापते,
ब्रॅकेट सरकतो थोडा. नागपूरले होतेच असं."
बिलात फक्त जॅक लावला, आणि माझं येणं-जाणं.

निघताना दोनला पाच कमी होते.
बाईंनी पन्ह्याचा ग्लास परत घेतला, घड्याळाकडे पाहिलं,
बोर्डाकडे पाहिलं नाही.
मी दुपट्टा कानावरून गुंडाळला, गॉगल लावला.
फाटकापाशी पोचलो तोवर
आत कुलर घरघरायला लागला होता.
मोबाईलवर हिरवा ठिपका. ऑनलाइन.

फिटिंगच्या दिवशी टेस्टिंगसाठी म्हणून
माझा नंबर त्या यादीत टाकला होता, दोन वर्षं तसाच.
कडक उन्हात स्क्रीन धड दिसत नव्हती.
हाताची सावली धरून शोधला, दाबला.
"नक्की काढायचा?" त्याने विचारलं.
हो, म्हटलं. आणि गाडीला किक मारली.