समास

माझं काम खोडायचं.
तार्तूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, तळघरात
मिह्केलचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे.
माल येतो वारलेल्यांच्या घरून, खोक्यांतून,
आणि विकायला लावण्याआधी त्यातल्या पेन्सिलीच्या रेघा
मी पुसते.
कागद जुना असला की खोडरबर चालत नाही, सालं निघतात.
मग पांढऱ्या पावाचा गर घ्यायचा, चिमटीत मळायचा,
आणि हलक्या हाताने, एकाच दिशेला.
दुपारपर्यंत गर काळा पडतो.
माणसांची मतं अशी दिसतात: काळपट, गोळीएवढी.

कोरं पुस्तक पूर्ण किमतीला. रेघोट्यांचं अर्ध्या.
‘पगार पुसण्याचा आहे, हिल्वे, वाचण्याचा नव्हे,’
मिह्केल म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.
एकोणीस वर्षं मी न वाचता पुसलं,
कोण काय जेवलं ते न विचारता
भांडी घासतात तसं.

मग सल्मे ओयावेरेची अकरा खोकी आली.
गुरांची डॉक्टर होती म्हणे.
समास सोडायचा असतो, शाळेत शिकवतात;
ही बाई तो सोडायलाच तयार नव्हती.
पाककृतींच्या पुस्तकात: ‘मीठ दुप्पट. हा माणूस कधी जेवलेला नाही.’
एका कादंबरीत, पान ऐंशी: ‘हा मेला तर पुस्तक चुलीत घालीन.’
पान एक्याण्णव: ‘मेला.’
त्याखाली, जरा वेळाने असावं: ‘घातलं नाही.’
मी हसले. गर हातातच वाळला.

माशांवरचं एक पुस्तक, करड्या कापडाची बांधणी.
लेखकाशी तिचं पहिल्या पानापासून वाजलेलं.
‘गळ कधी धरलायस का?’
‘हे ऐकीव.’
‘हे मात्र खरं. माझ्या बापाने पाहिलंय.’
पान एकशे बाराला वाम येते.
नदी सोडून ती समुद्राकडे निघते, ते वाक्य लांबलचक,
त्याखाली रेघ, पट्टीने मारावी तशी सरळ,
आणि मध्येच, एका शब्दाच्या अलीकडे, थांबलेली.
समासात: ‘२५ मार्च ४९. दार वाजतंय.’

आमच्या गावात त्या तारखेचा अर्थ
कुणी कुणाला विचारत नाही.

त्याच्याच खाली, वेगळ्या पेन्सिलीने:
‘सप्टेंबर ५७. इथून पुढे.’
आणि रेघ त्याच शब्दापासून निघते,
वाकडी, थरथरलेली, पण पूर्णविरामापर्यंत जाते.

मधली आठ वर्षं हे पुस्तक कुणी सांभाळलं,
कुठल्या फळीमागे, बटाट्यांच्या कोणत्या पोत्याखाली,
ते कुठंच लिहिलेलं नाही.

मी पानं उलटत गेले. लेखक वाटेल ते बोलतोय,
आणि बाई ऐकून घेतेय.
पंचवीस पानं नुसत्या बरोबरच्या खुणा,
पेपर तपासून दमलेल्या मास्तरासारख्या.
भांड बाई, मी म्हणत होते, भांड.
पान एकशे अडतीस. गोठलेल्या तळ्यातले मासे.
समासात एक प्रश्नचिन्ह, मोहरीएवढं.
आणि पान उलटल्यावर: ‘बर्फाचं तू मला सांगतोस?’

त्या दिवशी उरलेला पाव मी खाऊन टाकला.

मिह्केलने आतल्या पानावर किंमत घातली, दोन युरो,
तीही पेन्सिलीनेच. पगारातून कापून घे म्हटलं.

रात्री घरी वाचत बसले,
आणि एका ठिकाणी सल्मेचं मला पटलं नाही.
चक्क पटलं नाही.
उठले, सगळे खण उपसले.
खोडरबर निघाले सात. पेन्सिल एकही नाही.
साडेदहा वाजले होते. वरच्या मजल्यावर
कारेलच्या दारापाशी गेले, हात उचलला,
आणि वाजवायच्या आधी जरा थांबले.
मग दोन बोटांनी, हळू.
पोरगं तोंडात ब्रश घेऊन आलं.
पेन्सिल दिली त्याने. टोक शाबूत,
मागचं लाकूड चावून चावून मऊ झालेलं.