दोन्ही बाजूंनी ऐकणारा

पाच वाद्यं, माइक चार.
त्यातला एक कुताइसीहून वर येताना
जीपच्या खड्ड्यात गेला.
हलवला की आत खुळखुळतो.
नानुली तो कानाशी लावून बघतेय.
म्हणजे तीन.

शाळेचा हॉल, फेब्रुवारी,
भिंतीवरच्या नकाशात अजून जुनाच देश.
स्वानेतीत या दिवसांत
दुपारी तीनला दिवा लावतात.

ढोल ग्रामितोनचा.
त्याला साधा डायनॅमिक, जाळीला पोचा आलेला.
त्यानं लग्नांतली भाषणं सोसली, दोन निवडणुका,
एकदा अख्खा पेला वाइन अंगावर.
दणका घेतो, मनाला लावून घेत नाही.
ग्रामितोन मिनीबस चालवतो, तोही तसाच.

कंडेन्सर मात्र हळवा.
त्याला सगळंच लागतं:
शेगडीतली ठिणगी, एतेरबाईंच्या खुर्चीची कुरकुर,
बाहेर कुणाची तरी गाय,
सलामुरीत फुंकण्याआधी नानुलीनं घेतलेला
जरा घाईचाच श्वास.
तो मी वर टांगला, तिच्या बासरीच्या आणि
बाईंच्या पांदुरीच्या मधोमध,
तरी तिच्यापासून चार बोटं लांब.
वीतभर लाकूड, पण कान टोचतं.

उरला रिबन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून
मांडीवर आणलेली सगळी वाट.
त्याच्यावर साधी फुंकरही घालायची नाही.
त्याची एक खोड आहे:
पुढून ऐकतो तेवढंच मागून ऐकतो,
आणि दोन्ही कुशींना ठार बहिरा.

आणि उरले दोघे भाऊ.
थोरला बिमुर्झा, त्याची चुनिरी:
चाळणीएवढ्या चौकटीवर चामडं, घोड्याच्या केसांच्या तारा.
धाकटा चिचिको, त्याची चांगी:
लाकडाच्या कोनात बसवलेली वीणा, इतकी हळू
की शेजारच्यानं खोकलं तरी हरवते.
बँडमध्ये हे दोघे दोन टोकांना बसतात.
एका अक्रोडावरून नऊ वर्षं बोलणं नाही.
झाड तर वीज पडून गेलं.
भांडण हिरवं आहे.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी खडूनं फळ्यांवर दोन खुणा केल्या:
तुम्ही इथे. तुम्ही इथे.
समोरासमोर, मध्ये हा.
हॉल गप्प.
ग्रामितोन ढोलाची दोरी उगाचच आवळू लागला.
एतेरबाईंनी मला दाराआड नेऊन
ते झाड सांगितलं, फांदी-फांदी.
मी म्हटलं, बाई, माझ्याकडे तीनच आहेत.

बसले.
हा माइककडे बघतोय, तो माइककडे बघतोय.

पहिल्या टेकला चुनिरीनं चांगी गिळली.
चिचिकोला वीतभर पुढे घेतलं.
दुसऱ्याला बिमुर्झाला मागे, हातभर,
त्याची खुर्ची मीच ओढली.
तिसऱ्याला बाहेर ओला बर्फ सुरू झाला,
चामडं सादळलं, सूर उतरला.
थोरल्याला कळलं होतं. तो गज तसाच ओढत राहिला,
खाली मान घालून.

चिचिको उठला.
चांगी खुर्चीवर ठेवली,
भावाच्या हातातून चुनिरी घेतली
(मागितली नाही, घेतली)
आणि शेगडीपाशी उकिडवा बसला,
तान्ह्याला शेक द्यावा तसं
चामडं धगीवर धरत, तळव्यानं चाचपत.
नानुली काहीतरी विचारणार होती,
बाईंनी तिचा दंड धरला.

चौथा टेक ठेवलाय मी.
त्याच्या अगदी आधी, काटा जिथे नुसता थरथरतो,
एक जाड आवाज: “तापलं?”
आणि पलीकडून: “तापलं.”
दोघांची पातळी सारखी.
मला काहीच हलवावं लागलं नाही.

आज तिबिलिसीहून फोन होता.
गाणं छान झालंय म्हणाले,
फक्त सुरुवातीला कुणीतरी बोलतंय,
तेवढं कापून पाठवाल का?

मी म्हटलं, तुमचा आवाज नीट येत नाहीये,
मी जरा बाजूला बसलेय.